ठासणीच्या बंदुकीच्या सामानाची पिशवी: तयार घ्यावी की घरी शिवावी?

रामबागकर (इंदूर)

नमस्कार. माझा भाचा अमेरिकेत पेनसिल्वेनिया राज्यात लँकेस्टरजवळ राहतो आणि तेथील मित्रांच्या संगतीने त्याला ठासणीच्या बंदुकीने हरणाची शिकार करण्याचा छंद लागला आहे. त्या राज्यात नाताळानंतर केवळ चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने पेटणाऱ्या) बंदुकांसाठी राखून ठेवलेला एक स्वतंत्र हंगाम असतो. तो १९७४ पासून चालू आहे आणि परवाना काढून, ठरवून दिलेल्या दिवसांतच शिकार करता येते. दिवाळीला भाचा इंदूरला येणार आहे. मी फावल्या वेळात चामड्याचे काम करतो हे त्याला ठाऊक असल्यामुळे, बंदूक भरण्याचे सामान ठेवण्यासाठी खांद्यावर अडकवायची एक पिशवी शिवून द्यावी, अशी त्याने गळ घातली आहे.

पाकिटे, कमरपट्टे, चष्म्याची घरे आणि शबनम पिशव्या मी केल्या आहेत. बंदूक मात्र कधी हाताळलेली नाही. त्यामुळे पिशवीत नेमके काय ठेवायचे आणि ते कशा क्रमाने बाहेर काढायचे याची मला कल्पना नाही. माझ्या मनात प्रथम आले ते जुन्या पलटणींतील शिपायांच्या कमरेला असणारे तोसदान, म्हणजे कडक चामड्याची पेटी आणि आत भोके पाडलेला लाकडी ठोकळा. ते टिकाऊ असते आणि दिसायलाही भारदस्त दिसते. दुसरा विचार असा की कॅमेऱ्याच्या पिशवीसारखे पुष्कळ कप्पे करावेत, म्हणजे प्रत्येक वस्तूला स्वतःची जागा मिळेल. भाच्याने पाठवलेल्या छायाचित्रांत मात्र एक साधी, मऊ, एका झाकणाची पिशवी दिसते आणि ती मला फारच लहान वाटते.

पिशवीचे माप काय असावे, कातडे कोणते घ्यावे आणि कप्पे किती असावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे. इंदूरची चामडी खेळणी करणाऱ्या कारागिरांकडे बकऱ्याचे पातळ कातडे मिळते, ते या कामाला चालेल का? एका स्नेह्यांकडे त्यांच्या आजोबांच्या वेळचे सांबराचे कमावलेले कातडे पडून आहे आणि ते द्यायला ते तयार आहेत. शिवाय तिकडे तयार पिशव्याही मिळत असतील, तर मी हा खटाटोप करण्यात अर्थ आहे का, हेही सांगावे. त्याची बंदूक अर्ध्या इंची नळीची, आट्यांची (नळीत आतून पिळदार खाचा असलेली) आहे.

पूर्वाश्रमीचा इंदूरकर (पेनसिल्वेनिया)

आपल्या भाच्याच्या छायाचित्रांतील पिशवी लहान दिसते, कारण ती लहानच असायला हवी. तोसदानाचा विचार प्रथम बाजूला ठेवावा. शिपायाला सपाट नळीच्या बंदुकीतून मिनिटाला दोन-तीन बार काढायचे असत, म्हणून दारू आणि गोळी कागदाच्या एकाच पुडीत बांधलेली तयार काडतुसे तो ठोकळ्याच्या भोकांत उभी ठेवत असे. आपल्या भाच्याची नळी आट्यांची आहे. तिच्यात गोळी नळीपेक्षा किंचित लहान असते आणि तिच्याभोवती तेल किंवा चरबी लावलेली सुती चिंधी गुंडाळून ती घट्ट दाबत खाली न्यावी लागते, तेव्हाच आटे गोळीला फिरकी देतात. म्हणजे दारू, चिंधी आणि गोळी या तीन वस्तू वेगवेगळ्या हाताळाव्या लागतात आणि कडक पेटीत हात घालून हे काम थंडीत नीट होत नाही.

पिशवी कापण्यापूर्वी बंदूक भरण्याचा क्रम समजून घ्यावा, कारण पिशवीची रचना त्या क्रमातूनच ठरते. बंदूक रिकामी आहे याची गजाने (नळीत घालायच्या लांब दांडीने) खात्री करून घेतल्यावर दारूच्या शिंगातून, म्हणजे दारू ठेवायच्या पोकळ शिंगातून, मापात दारू घेतात आणि मापातून नळीत ओततात. शिंगातून थेट नळीत दारू कधीही ओतायची नसते, कारण आधीच्या बाराची एखादी ठिणगी आत शिल्लक असेल तर सगळे शिंगच हातात पेट घेईल. त्यानंतर नळीच्या तोंडावर चिंधी, तिच्यावर गोळी, मग आखूड दांडीने गोळी तोंडातून आत बसवणे आणि शेवटी गजाने ती दारूवर पक्की टेकेपर्यंत खाली नेणे. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहिली तर नळी फुगण्याचा किंवा फुटण्याचा धोका असतो, म्हणून अनुभवी माणसे गजावर खूण करून ठेवतात. सर्वांत शेवटी कानाशेजारच्या (कान म्हणजे ठिणगी आत जाण्याचे नळीच्या बाजूचे बारीक भोक) वाटीत चिमूटभर बारीक रंजक, म्हणजे पेटवणीची दारू, घालून वरचे पोलादी झाकण मिटायचे.

आता यातून सामान किती निघते ते पाहा. अर्ध्या इंची नळीला साधारणपणे ०.४९० इंच व्यासाची गोळी आणि ०.०१५ इंच जाडीची चिंधी लागते. अशी एक शिशाची गोळी सुमारे साडेअकरा ग्रॅम भरते, म्हणजे दहा गोळ्यांचे ओझे ११५ ग्रॅम. शिकारीच्या दिवशी एक बार झाला तरी पुष्कळ, तेव्हा आठ-दहा गोळ्यांपेक्षा अधिक नेण्याचे कारण नाही. त्या सुट्या टाकल्या तर चालताना खडखडतात आणि हरणाचे कान आपल्यापेक्षा फार तिखट असतात, म्हणून त्यांना मऊ कातड्याचा छोटा बटवा हवा. पितळी माप, आखूड दांडी, चिंध्यांची डबी, कातड्याच्या तुकड्यात गुंडाळलेल्या दोन-तीन चकमकी, कान मोकळा करायची तार, वाटी झाडायची लहान कुंची, चकमकीचा स्क्रू आवळायचा पेचकस, गजाच्या टोकाला बसणारे पुसण्याचे टोक आणि अडकलेली चिंधी ओढून काढायची फिरकी, एवढ्यात यादी संपते. टोप्यांच्या (चकमकीऐवजी स्फोटक टोपीने पेटणाऱ्या) बंदुकीला टोप्यांची डबी आणि तिची किल्ली लागते. आपल्या भाच्याचा हंगाम निव्वळ चकमकीचा असल्याने ते दोन्ही नको.

हे सगळे सुमारे १९ सेंटिमीटर रुंद, तितक्याच उंच आणि तळाशी पाच-सहा सेंटिमीटर फुगणाऱ्या पिशवीत आरामात मावते. याहून मोठी पिशवी केली की तिच्यात शिदोरी, टॉर्च, मोबाइल आणि हातमोजे शिरतात आणि हवी ती वस्तू तळाशी जाते. पुष्कळ कप्प्यांचाही तोच तोटा आहे, कारण हातमोजा घातलेल्या हाताला कप्पे कळत नाहीत. आतल्या पाठीला एक उथळ कप्पा शिवावा आणि त्यात चकमकी व हत्यारे ठेवावीत, बाकी सर्व मोकळे राहू द्यावे. एक वस्तू मात्र पिशवीच्या बाहेर, पट्ट्याला बारीक वादीने बांधून ठेवावी, ती म्हणजे कान मोकळा करायची तार. ती नेमकी घाईच्या वेळी लागते आणि बर्फात पडली तर सापडत नाही.

दारू पिशवीत नसावी. ती शिंगातच आणि शिंगही पिशवीला न जोडता वेगळ्या पट्ट्याने अडकवावे, असे माझे मत आहे. कित्येक लोक शिंग पिशवीच्याच पट्ट्याला बांधतात आणि ते दिसते फार देखणे. पण शेकोटीजवळ बसताना दारू दूर ठेवायची झाली तर वेगळा पट्टा एका हालचालीत निघतो. ज्यांना दोनच बारांपुरते सामान न्यायचे असते ते घट्ट बुचाच्या छोट्या नळ्यांत मोजलेली दारू भरून नेतात आणि शिंग घरीच ठेवतात. तसे असेल तर त्या नळ्यांसाठी आत दोन वाद्यांचे फासे शिवावेत.

तयार पिशव्या इकडे मिळतात आणि काही फार उत्तम असतात, पण हाताने शिवलेल्या चांगल्या पिशवीची किंमत बरीच असते, तर स्वस्त पिशव्या मापाने मोठ्या, कातड्याने जाड आणि झाकणाने आखूड निघतात. झाकण समोरचा सगळा भाग झाकून तळापर्यंत यायला हवे, कारण डिसेंबरच्या अखेरीस येथे बर्फ किंवा भुरभुर पाऊस असतोच, आणि चिंध्या भिजल्या किंवा मापाला ओल लागली की काळी दारू लगेच नरमते. आपल्या हातात कसब आहे, तेव्हा शिवावीच. फक्त कातड्याला रापी लावण्यापूर्वी जुन्या जाड कापडाची एक पिशवी बेतावी, तीत सामानाच्या आकाराचे लाकडाचे तुकडे टाकावेत आणि डोळे मिटून ते क्रमाने काढून पाहावेत.

चर्मशिल्पी (लष्कर, ग्वाल्हेर)

वरील उत्तर वाचल्यावर मापाबद्दल मी काही बोलत नाही, कातड्याबद्दल लिहितो.

खेळण्यांसाठी वापरतात ते बकऱ्याचे कातडे तारेच्या आणि कागदाच्या सांगाड्यावर ताणून चिकटवण्यापुरते ठीक असते. ते बहुधा एक मिलिमीटरच्या आत असते आणि त्याची पिशवी केली तर शिशाच्या भाराने शिवण ओढली जाईल. बकऱ्याचेच हवे असेल तर सव्वा मिलिमीटरच्या आसपासचे, सालीने कमावलेले मागावे. ते वजनाला हलके आणि चिवट असते. अन्यथा म्हशीच्या किंवा वासराच्या कातड्याचा सव्वा ते दीड मिलिमीटर जाडीचा तासलेला थर घ्यावा. कमरपट्ट्यासाठी आपण वापरता त्या तीन-साडेतीन मिलिमीटरच्या कातड्याची पिशवी अजिबात करू नये, कारण तिचे तोंड एका हाताने उघडत नाही.

कमावण्याची रीत येथे महत्त्वाची आहे. बाजारात स्वस्तात मिळणारे बहुतेक मऊ कातडे क्रोमचे, म्हणजे क्रोमच्या क्षारांनी कमावलेले, असते आणि त्याची कापलेली कड निळसर-राखी दिसते, त्यावरून ते ओळखावे. त्याला घडी धरत नाही, कड घोटून गुळगुळीत होत नाही आणि वर्षानुवर्षे वापरूनही त्याला ती जुनी, तेलकट तपकिरी झाक येत नाही. बाभळीची साल किंवा हिरडा यांनी कमावलेले कातडे कानपूरकडून येते, खोगिराच्या कामाला तेच वापरतात आणि आपल्या कामालाही तेच योग्य. त्याचा एक स्वभाव मात्र ध्यानात ठेवावा. सालीतील तुरट द्रव्य आणि ओले लोखंड यांची गाठ पडली की काळा डाग उमटतो, म्हणून पेचकस आणि फिरकी चिंधीत गुंडाळून ठेवावी. पितळ फार काळ तेलकट कातड्याला चिकटून राहिले तर त्यावर हिरवट मेण जमते, तेही पुसावे लागते.

याच गुणाचा उपयोग रंगासाठी करता येतो. सिरक्यात गंजके खिळे किंवा तेल नसलेली लोखंडी जाळी आठवडाभर भिजत ठेवून ते पाणी गाळून कातड्यावर फिरवले तर कातडे आतपर्यंत काळे होते आणि तो रंग हाताला लागत नाही, कारण तो वरून दिलेला रंग नसून कातड्यातच झालेली प्रक्रिया असते. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्याने आम्लता मारावी, स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे आणि हलके तेल द्यावे. क्रोमच्या कातड्यावर हा प्रयोग फसतो. मला स्वतःला काळ्यापेक्षा नुसते तेल दिलेले तपकिरी कातडे अधिक आवडते, पण ही आवडीची बाब झाली.

शिवण उलट बाजूने घालावी आणि मग पिशवी उलटून सुलटी करावी. समोरचा भाग आणि पाठ यांच्या मध्ये कातड्याची एक अरुंद पट्टी घेऊन तिन्ही थर एकत्र शिवावेत. ती पट्टी असली की सुलटी केल्यावर टाके झाकले जातात, झाडाझुडपांना घासून दोरा झिजत नाही आणि पिशवीला कडही येते. दोरा तागाचा किंवा सुताचा पण मेण लावलेला, दोन सुयांनी एकाच भोकातून समोरासमोर ओवलेला, इंचाला सहा ते आठ टाके. मशीनची टीप एका ठिकाणी तुटली की उसवत जाते, दोन सुयांची हाताची शिवण तशी उसवत नाही. उलटण्यापूर्वी शिवणीजवळचे कातडे आतून ओलसर करावे, नाहीतर कोपऱ्यांवर चिरा पडतात. तळाचे कोपरे चौकोनी न ठेवता गोल ठेवले तर उलटताना त्रास होत नाही आणि गोळ्याही कोपऱ्यात अडकत नाहीत.

झाकणाला चुंबक किंवा दाबाचे बटण लावू नये. चुंबकाला पेचकस चिकटतो आणि बटणाचा टकटक आवाज जंगलात नको असतो. शिंगाची गुंडी आणि कातड्याचा फासा पुरे, आणि झाकण लांब व जरा वजनदार असेल तर तेही लागत नाही.

बडोद्याचा वकील

कातड्यावरून एक आवश्यक सूचना करतो. सांबराचे ते कातडे कृपया वापरू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्यान्वये आपल्याकडे शिकारीला बंदी आहेच, पण सांबर, चितळ अशा संरक्षित प्राण्यांच्या कातड्यावर आणि त्यापासून केलेल्या वस्तूंवरही कडक निर्बंध आहेत. वस्तू आजोबांच्या वेळची आहे एवढ्याने ती मोकळी होत नाही. तिची रीतसर नोंद आणि मालकीचे प्रमाणपत्र आहे का, हे आपल्या स्नेह्यांनी आधी पाहावे. अशा कातड्याची पिशवी विमानाने परदेशी पाठवणे म्हणजे भाच्याला दोन देशांच्या जकात अधिकाऱ्यांपुढे उभे करणे होय. त्याला हरणाच्याच कातड्याची हौस असेल तर ती तेथे, स्वतःच्या परवान्यावर मारलेल्या हरणाच्या कातड्याने भागवता येईल.

विमानतळाविषयीही सांगतो. पिशवी कोरी आणि रिकामी द्यावी. काळ्या दारूत तीन चतुर्थांश सोरा असतो आणि स्फोटकांचा अंश शोधणारी यंत्रे नेमकी अशाच पदार्थांसाठी असतात, म्हणून कोणाच्याही जुन्या बंदुकीचे माप, शिंग किंवा वापरलेल्या चिंध्या नमुना म्हणून आत ठेवू नयेत. चिंध्या कापण्याची सुरी दिलीच तर ती विमानात सोबत न्यायच्या पिशवीत न ठेवता विमान कंपनीकडे सोपवायच्या सामानात ठेवावी.

रामबागकर (इंदूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांबराचे कातडे मी नाकारले आहे आणि स्नेह्यांना कायद्याची बाब कळवली आहे. जुन्या जीनच्या कापडाची १९ सेंटिमीटरची पिशवी बेतून तीत लाकडी तुकडे टाकून पाहिले. आता ती लहान वाटत नाही.

भाच्याशी बोलताना एक गोष्ट नव्याने ध्यानात आली. तो डावखुरा आहे आणि त्याने बंदूकही डाव्या बाजूला घोडा असलेली घेतली आहे. मग पिशवी कोणत्या बाजूला यावी, आणि त्यामुळे शिवणीत काही बदल करावा लागेल का? दुसरे असे की पट्टा कातड्याचाच हवा का? माझ्याकडे पलंगाची जाड सुती नवार पुष्कळ आहे. आणि आतून अस्तर लावावे की नाही?

पूर्वाश्रमीचा इंदूरकर (पेनसिल्वेनिया)

उजव्या हाताने बार काढणारा माणूस पिशवी उजव्या बाजूला ठेवतो आणि पट्टा डाव्या खांद्यावरून घेतो. ज्या खांद्याला दस्ता टेकवायचा तो खांदा मोकळा राहावा, हे त्याचे कारण. पट्टा त्याच खांद्यावर आला तर दस्ता त्यावर घसरतो आणि नेम बिघडतो. भाच्यासाठी हे सर्व उलटे होईल, म्हणजे पिशवी डावीकडे आणि पट्टा उजव्या खांद्यावरून. तरीही त्याला एक विचारून घ्यावे की बंदूक भरताना पिशवीत त्याचा कोणता हात जातो, कारण नेम डाव्या खांद्यावरून धरणारी काही माणसे बाकीची कामे उजव्या हातानेच करतात. आतला कप्पा त्या हाताच्या बोटांना सहज लागेल अशा बाजूला घ्यावा. बाकी पिशवी दोन्हीकडे सारखीच असते.

उंचीही येथेच ठरवावी. पिशवीचे तोंड वाकवलेल्या कोपराच्या जरा खाली यावे. लोक ती मांडीपर्यंत लोंबू देतात, मग चालताना ती हेलकावते, आणि पडलेले झाड ओलांडताना वाकले की सामान पुढे येऊन सांडते. हंगाम थंडीचा असल्याने अंगात जाड कोट असतो, आणि इंदूरच्या दिवाळीत सदऱ्यावर घेतलेले माप तेथे हमखास आखूड पडेल, म्हणून पट्ट्याला बक्कल हवेच. ते छातीवर ठेवू नये, कारण बंदूक छातीशी आडवी धरून चालताना लाकडी दस्त्यावर चरे पडतात. पाठीमागच्या बाजूला, पिशवीपासून वीतभर वर ते असावे.

आणखी एक गोष्ट आपल्याला तेथून देता येईल. चिंध्यांसाठी शंभर टक्के सुती, घट्ट विणीचे कापड लागते आणि इकडे त्यासाठी उशीच्या खोळीचे पट्टेरी कापड वापरतात. गादीच्या खोळीचे तसेच कापड इंदुरात कोठेही मिळेल. त्यात कृत्रिम धागा मुळीच नसावा, कारण तो नळीत वितळून चिकटतो. एक धागा जाळून पाहावा. वितळून गोळा झाला तर ते कापड घेऊ नये. कांजी जाण्यासाठी धुऊन वाळवावे आणि भाच्याच्या चिंधीच्या जाडीशी व्हर्नियरने ताडून पाहावे, कारण कापड जाड निघाले तर गोळी खाली उतरतच नाही.

चर्मशिल्पी (लष्कर, ग्वाल्हेर)

नवार उत्तम. जुन्या पिशव्यांना विणलेले पट्टे सर्रास असत आणि सुती किंवा लोकरी पट्टा कोटावरून घसरत नाही, हा त्याचा कातड्यापेक्षा मोठा गुण आहे. आपली नवार फार रुंद असेल तर तिला मधोमध दुमडून चार सेंटिमीटरपर्यंत आणावे आणि दोन्ही टोकांना दीड-दोन मिलिमीटर कातड्याची जिभळी शिवावी. नवार थेट पिशवीच्या कातड्याला टाचली तर सगळा ताण चार टाक्यांवर येतो. जिभळी पिशवीच्या पाठीवर निदान पाच सेंटिमीटर खाली उतरली पाहिजे, आणि आतून त्याच जागी कातड्याचा एक आधार द्यावा.

अस्तर लावावे, पण पातळ आणि फिक्या रंगाचे. खादी किंवा मांजरपाट चालेल. कातड्याची आतली बाजू केसाळ असते, तिचा भुसा चिंध्यांना आणि चकमकीला चिकटतो; शिवाय पहाटेच्या अंधुक उजेडात फिक्या अस्तरावर काळी हत्यारे चटकन दिसतात. अस्तर तळाशी पिशवीला चिकटवू नये. ते ओढून बाहेर उलटता आले की हंगामानंतर दारूची काजळी धुऊन टाकता येते.

पट्ट्याचे एक टोक भाचा येईपर्यंत शिवू नये, नुसते दोन काट्यांनी अडकवून ठेवावे. त्याला येताना शिकारीचा कोट आणि हातमोजे आणायला सांगावे. दिवाळीत घाम फुटेल खरा, पण कोट चढवून, बंदुकीऐवजी काठी खांद्याला लावून माप घेतल्यावरच ते टोक आणि बक्कल शिवावे. तेवढ्या शिवणीला अर्धा तास पुरतो.